मोहनबागानची तिथी

कलकत्त्याच्या मोहनबागान क्लबचा जन्म १५ ऑगस्ट १८८९ रोजी झाला. पुढे अठ्ठावन्न वर्षांनी हाच दिवस साऱ्या देशाच्या स्वातंत्र्याचा दिवस ठरला. तेव्हा एखाद्या संस्थेने आपला वाढदिवस अभिमानाने मिरवावा असा याहून सुंदर योगायोग शोधूनही सापडावयाचा नाही. असे असता ‘मोहनबागान दिन’ म्हणून जो दिवस ओळखला जातो तो हा नव्हे. तो आहे २९ जुलै. एका सामन्याचा दिवस. जन्मदिवसाला मागे सारून एका संध्याकाळच्या खेळाने क्लबच्या पंचांगात पहिले स्थान का पटकावले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ चेंडूच्या षोकिनांचा वाटेल. परंतु थोडे खोल शिरून पाहिले असता तो बंगालच्या, किंबहुना हिंदुस्थानच्या अर्वाचीन इतिहासाचाच एक प्रश्न आहे असे दिसून येईल.

आपल्याकडे तारीख आणि तिथी यांत भेद मानतात. तारीख एकदा उजाडते, मावळते आणि दप्तरात जाऊन बसते. तिथी मात्र वर्षावर्षाला दाराशी येते आणि आपल्याकडे काही मागते: कधी उत्सव, कधी श्राद्ध. २९ जुलै १९११ ही तारीख पुढे तिथी झाली. तारखेला काय घडले हे सांगणे सोपे आहे. तिथीने काय मागितले आणि आपण काय दिले, हे सांगणे तितके सोपे नाही.

प्रथम तारखेकडे वळू. उत्तर कलकत्त्यात कीर्ती मित्र यांचा ‘मोहनबागान व्हिला’ नावाचा वाडा होता. त्याच्या आवारात खेळणाऱ्या तरुणांचा हा क्लब. त्याचे पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू. हेच गृहस्थ पुढे १९१४ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. आरंभी क्लबच्या नावात ‘स्पोर्टिंग’ हा शब्द होता. वर्षभराने प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक रो यांनी असे सुचविले की, जो क्लब शिकार करीत नाही आणि गळही टाकीत नाही त्याने हा शब्द वापरणे बरोबर नव्हे; तेव्हा ‘ॲथलेटिक’ हे नाव आले. गोष्ट क्षुल्लक आहे, पण मार्मिक आहे. खेळ साहेबाचा, नियम साहेबाचे आणि त्या खेळासाठी काढलेल्या क्लबच्या नावाची शुद्धाशुद्धही साहेबानेच सांगावयाची, असा तो काळ होता.

इंडियन फुटबॉल असोसिएशन ही संस्था १८९३ साली स्थापन झाली व तिच्या नावाची ढाल त्याच वर्षापासून खेळली जाऊ लागली. पुण्यामुंबईकडे गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले तेही याच सुमारास. संस्थेच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द असला तरी कारभार गोऱ्यांच्या हाती होता, आणि ढालीवर नावे कोरली जात ती बहुधा पलटणींची. एतद्देशीय खेळाडूंस गोऱ्यांना हरविता येते हे शोभाबाजार क्लबने १८९२ साली ट्रेड्स कपाच्या स्पर्धेत ईस्ट सरे पलटणीचा पराभव करून दाखविले होते. पण तो एक सुटा सामना होता. मोहनबागानने १९०६, १९०७ व १९०८ अशी तीन वर्षे ओळीने ट्रेड्स कप जिंकला, तेव्हा मात्र जाणत्यांच्या ध्यानी आले की हा योगायोग नव्हे, हा अभ्यास आहे.

१९११ च्या ढालीतील मोहनबागानची वाटचाल पाहिली म्हणजे या अभ्यासाची खात्री पटते. १० जुलै रोजी सेंट झेवियर्सवर तीन गोलांनी जय. १४ रोजी रेंजर्सवर दोनास एक. १९ रोजी रायफल ब्रिगेडवर एक गोलाने. उपान्त्य सामन्यात २४ जुलैला मिडलसेक्स पलटणीशी एकेक अशी बरोबरी झाली, आणि दोन दिवसांनी तोच सामना पुन्हा खेळून मोहनबागानने तो तीन गोलांनी जिंकला. सुमारे तीन आठवड्यांत पाच सामने, आणि तेही ऐन पावसाळ्यात! अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळत. पायात बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जी यांच्या. अनवाणी पायाला कोरडे मैदान मानवते, चिखल मानवत नाही. समोरचे शिपाई जाड बुटांचे आणि भरल्या अंगाचे. ही विषमता ध्यानात घेतली म्हणजे त्या विजयांचे मोल कळते.

शनिवार, २९ जुलै १९११. कलकत्ता फुटबॉल क्लबचे मैदान. समोर ईस्ट यॉर्कशायर पलटण. सामना पाहावयास बाहेरगावाहून इतके लोक लोटले की रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि नदीतून आगबोटी भरभरून आल्या. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे साठ ते ऐंशी हजार माणूस मैदानाच्या भोवती जमले होते. त्यांतील बहुतेकांस चेंडू दिसण्याचा संभव नव्हता. दूर उभ्या असलेल्यांना कोणी किती गोल केले हे कळावे म्हणून पतंग उडवून खूण करण्याची युक्ती योजिली होती. पूर्वार्ध कोराच गेला. उत्तरार्धात जॅक्सन नावाच्या शिपायाने फ्री किकवर गोल करून पलटणीला पुढे नेले. थोड्याच वेळात मोहनबागानचा कर्णधार शिवदास भादुडी याने तो फेडला. सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता शिवदासने दिलेला चेंडू अभिलाष घोष याने जाळ्यात घातला. दोनास एक! ढाल प्रथमच एतद्देशीयांच्या हाती आली.

तारखेचा वृत्तान्त इथे संपतो. तिथीचा इथून सुरू होतो. त्या संध्याकाळच्या आनंदाचे माप खेळाच्या मापाने लागावयाचे नाही. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालचे दोन तुकडे झाले होते. स्वदेशी आणि बहिष्कार यांची लाट चढली होती आणि सरकारी दडपणाखाली ओसरलीही होती. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अरविंद घोष १९१० साली पाँडिचेरीस निघून गेले होते. बंगाली मनुष्य शरीराने दुबळा व वृत्तीने भित्रा, हे मेकॉलेने अर्धशतकाहून अधिक काळापूर्वीच लिहून ठेवले होते, आणि साहेबाच्या शाळेत शिकलेला बंगाली ते वाचूनच मोठा होत होता. सभा बंद, पुढारी दूर, आणि माथी दुबळेपणाचा शिक्का. अशा वेळी खुल्या मैदानावर साहेबाच्याच नियमांनी आणि साहेबाच्याच पंचासमोर अकरा माणसांनी त्या शिक्क्याचे उत्तर दिले. त्यासाठी कोणावर खटला भरता येण्यासारखा नव्हता.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच परका नव्हता. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदूंच्या क्रिकेट संघाने युरोपियनांचा पराभव केला होता, आणि त्यात पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. ज्या उन्हाळ्यात कलकत्त्यास ढालीचे सामने रंगले त्याच उन्हाळ्यात हिंदुस्थानचा पहिला क्रिकेट संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये खेळत होता. आणि तो संघ वारंवार हरत असताना बाळूंनी एकट्याने शंभरांहून अधिक गडी बाद केले. परंतु बाळू चांभार जातीचे. म्हणून हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांच्या धाकट्या बंधूंना, विठ्ठलांना, मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. बाहेरच्या जेत्याला हरविणे हा मैदानावरील स्वाभिमानाचा अर्धा भाग झाला. आपल्यांतल्यांना बरोबरीने आत घेणे हा दुसरा अर्धा, आणि तो अधिक कठीण. बाळूंचे उदाहरण जवळ ठेवून पाहिल्यास २९ जुलैचा खरा अर्थ समजावयास मदत होईल असे आम्हांस वाटते.

कारण त्या अकरांची घडण पाहा. गोलरक्षक हीरालाल मुखर्जी. मागे भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी. मध्ये मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्त, नीलमाधव भट्टाचार्य. पुढे कानू राय, हाबुल सरकार, अभिलाष घोष आणि विजयदास व शिवदास हे भादुडी बंधू. यांतील चटर्जी धर्माने ख्रिस्ती. सुकुल मूळच्या उत्तर हिंदुस्थानी घराण्यातले. भादुडी बंधूंसारखे कित्येकजण पूर्व बंगालचे. सरकारने नकाशावर जी रेषा ओढली होती तिच्या दोन्ही बाजूंची माणसे एका संघात होती. संघात मुसलमान कोणी नव्हता हे खरे. परंतु मुसलमान समाजाच्या वृत्तपत्रांनीही या विजयाचे मोकळ्या मनाने स्वागत केले. त्या संध्याकाळी कलकत्त्याच्या मैदानावर जमाव होता तो एकच होता. या एकाच वाक्यासाठी २९ जुलै स्मरणात ठेवण्यास योग्य आहे.

मात्र स्मरण म्हणजे भाकडकथा नव्हे. या विजयाने घाबरून सरकारने बंगालची फाळणी रद्द केली आणि राजधानी दिल्लीस नेली, असे पुष्कळदा अभिमानाने सांगण्यात येते. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात या दोन्ही गोष्टी जाहीर झाल्या हे खरे. पण त्यांचा विचार लॉर्ड हार्डिंगच्या कौन्सिलात जून महिन्यातच सुरू झाला होता, म्हणजे ढालीचा पहिला सामना होण्यापूर्वी. साम्राज्ये दोन गोलांनी हलत नसतात. शिवाय विजयाने फुटबॉलच्या राज्यातील दरवाजेदेखील एकदम उघडले नाहीत. ढाल जिंकणाऱ्या क्लबला कलकत्ता लीगच्या दुसऱ्या वर्गात प्रवेश मिळाला तो तीन वर्षांनी, १९१४ साली, आणि पहिल्या वर्गात १९१५ साली. पहिल्या वर्गात एतद्देशीय क्लब दोनांहून अधिक असू नयेत असाही निर्बंध होता. तो उठावयास १९२५ साल यावे लागले. उत्सवाच्या दिवशी या गोष्टी सांगणे रसभंग करण्यासारखे वाटेल. परंतु विजय खोटा ठरत नाही, उलट तो कशाच्या विरुद्ध मिळविला होता हे त्याने स्पष्ट होते.

दुसरी एक दंतकथा आहे. ती खरी की खोटी हे ठरविण्यापेक्षा ती ऐकणे बरे. सामना संपल्यावर गर्दीतील कोणी एक वृद्ध ब्राह्मण सुधीर चटर्जींपाशी आला, फोर्ट विल्यमवरील इंग्रजांच्या निशाणाकडे बोट करून म्हणाला, हे तर झाले, ते खाली कधी येणार? तेव्हा कोणीसे उत्तर दिले की मोहनबागान पुन्हा ढाल जिंकेल तेव्हा. मोहनबागानने ढाल पुन्हा जिंकली ती १९४७ साली! दंतकथा याहून अचूक कशी असावी? पण ही कथा सांगणारे तिचा उत्तरार्ध बहुधा गाळतात. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात समोर कोणी पलटण नव्हती. समोर होता ईस्ट बेंगॉल क्लब. ज्या प्रदेशाचे नाव तो क्लब लावीत होता तो त्याच वर्षी परराज्य झाला. निशाण उतरले, पण ज्या फाळणीच्या दुःखाने १९११ ची संध्याकाळ उजळली होती तीच फाळणी अधिक क्रूर रूपाने परत आली, आणि या वेळी ती रद्द होणार नव्हती.

या वाटेवर मधली ठिकाणे पाहावयास हवीत, म्हणजे १९११ चा एकच जमाव पुढे कसा विभागला गेला हे उमगेल. २८ जुलै १९२० रोजी, म्हणजे नवव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, कूचबिहार कपाच्या स्पर्धेत मोहनबागान व जोडाबागान यांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. त्याचा अपमान वाटून सुरेशचंद्र चौधुरी जोडाबागान सोडून गेले, आणि १ ऑगस्ट रोजी ईस्ट बेंगॉल क्लब जन्मास आला. कलकत्त्याच्या पंचांगात या दोन तिथींत केवळ तीन दिवसांचे अंतर आहे. पुढे मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग जिंकली व १९३६ साली ढालही घेतली. लीग जिंकणारा हाच पहिला एतद्देशीय क्लब. मोहनबागानला ती प्रथम मिळाली १९३९ साली. वास्तविक मोहमेडनचा पराक्रम मोहनबागानच्या पराक्रमाहून कमी राष्ट्रीय नव्हता. पण तोपर्यंत राजकारणाने मनांत भिंती घातल्या होत्या, आणि पुष्कळांनी तो एका समाजाचा विजय म्हणून साजरा केला, तर पुष्कळांनी एका समाजाचा म्हणून त्याकडे पाठ फिरविली. चूक दोन्हीकडे होती.

मुंबईशी या इतिहासाचा जो धागा जुळतो तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी स्पर्धा १८९१ पासूनची. तिच्यावरही पलटणींचीच सत्ता होती. १९२३ साली मोहनबागान मुंबईस आले व अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना हरविले. त्याच वर्षी घरच्या मैदानावर ढालीच्या अंतिम सामन्यातही कलकत्ता क्लबकडून त्यांना हार खावी लागली होती. रोव्हर्स कप जिंकणारा पहिला एतद्देशीय संघ ठरला तो बंगळूरचा ‘बेंगलोर मुस्लिम्स’, १९३७ साली. मोहनबागानचे नाव त्यावर १९५५ साली लागले. मोहनबागानने पाडलेल्या वाटेने इतर पुढे गेले, आणि काही ठिकाणी मोहनबागानच्याही आधी पोहोचले. वाट पाडणाऱ्याची थोरवी याने कमी होत नाही; ती वाट एकट्यासाठी नव्हती एवढेच सिद्ध होते.

क्लबनेही आपली दारे हळूहळू रुंद केली. नागा टेकड्यांतून आलेले डॉक्टर तालिमेरेन आओ हे मोहनबागानकडूनच खेळत, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्यांनी केले. मोहनबागानचे दुसरे थोर खेळाडू शैलेन मन्ना १९५१ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते. २००१ सालापासून २९ जुलै रोजी ‘मोहनबागान रत्न’ हा सन्मान देण्याची प्रथा पडली, तेव्हा पहिला मान मन्ना यांनाच मिळाला.

परंतु पंचांगात उत्सवांबरोबर श्राद्धेही असतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर मोहनबागान आणि ईस्ट बेंगॉल यांचा सामना चालू असता प्रेक्षकांत हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन सोळा जीव गेले. क्लबचा जन्मदिवस १५ ऑगस्ट, आणि लगेच दुसरा दिवस हा! त्या सोळाजणांच्या स्मरणार्थ कलकत्त्यात या दिवशी रक्तदान करण्यात येते. १९११ साली ज्या जमावाने पतंगाची खूण पाहून अनोळखी शेजाऱ्याला मिठी मारली असेल, त्याच जमावाच्या नातवंडांनी एकमेकांच्या जिवावर उठावे, हे पाहिले म्हणजे तिथी पाळणे आणि तिचा अर्थ पाळणे या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत हे मनाला बोचते.

अलीकडच्या काळात वादाचे स्वरूप पालटले. २०२० साली क्लबचा फुटबॉल विभाग एका व्यापारी संघाशी जोडला गेला आणि जुन्या नावापुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरे आली. चाहत्यांनी ती अक्षरे काढावीत म्हणून वर्षानुवर्षे आग्रह धरला. अखेर २०२३ साली ती गेली व ‘मोहनबागान सुपर जायंट’ हे नाव आले. व्यवहारी मनुष्य विचारील की नावात काय आहे? या चाहत्यांचे उत्तर उघड आहे: नावात २९ जुलै आहे. मैदान बदलेल, मालक बदलेल, खेळाडू तर दर हंगामास बदलतात. क्लबपाशी अखेर उरते ते नाव आणि त्याच्याशी जडलेली एक आठवण. ती विकता येत नाही म्हणूनच तिच्यासाठी भांडावे लागते.

मग या तिथीला आपण काय द्यावे? विजयाची वाद्ये अवश्य वाजावीत. अकरांची नावे दरवर्षी घेतली जावीत. आणि ती घेताना त्यांत पूर्वेचा कोण व पश्चिमेचा कोण, हिंदू कोण व ख्रिस्ती कोण, हे त्या संध्याकाळी कोणी विचारले नव्हते याचीही आठवण व्हावी. बहुतेकांना चेंडू दिसत नव्हता. आपण जिंकलो हे त्यांना आकाशातील पतंगावरून कळले. त्या ‘आपण’ या शब्दात त्या दिवशी जेवढी माणसे मावली तेवढी पुन्हा मावतील, तर ती तिथी पाळली गेली असे म्हणता येईल. तोवर ती केवळ तारीखच राहील.